व्हीएममध्ये लॉगिन होत नाहीये? रीस्टार्टच्या आधी हे तपासा

महापेच्या आमच्या ऑफिसात एका सोमवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास एकेक जण मॉनिटरवरून मान वर काढायला लागला. "तुझं चालू आहे का?" "नाही रे, कनेक्शन रिफ्यूज्ड येतंय." क्लाउडवरच्या एका लिनक्स व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) आमची सगळी टीम काम करते आणि तिच्यात कोणालाच शिरता येत नव्हतं. एका मुलाने घाईघाईत क्लाउडच्या पोर्टलवरून ती रीस्टार्ट केली. दोन-तीन मिनिटांत लॉगिन सुरू झालं. पाच मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा थोडा वेळ चाललं, पुन्हा बंद. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार रीस्टार्ट झाले आणि रात्रीपासून चाललेला डेटा भरण्याचा जॉब मधेच तुटला. तो पहिल्यापासून चालवावा लागला.

मशीन पूर्ण वेळ ठणठणीत होतं. झालं होतं ते असं: शुक्रवारी आमच्यातल्या एकाने पासवर्ड बदलला, पण त्याच्या लॅपटॉपवरच्या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच पासवर्ड साठवलेला होता. ते सॉफ्टवेअर दर मिनिटाला लॉगिन करू बघत होतं. व्हीएमवर फेलटूबॅन हे पासवर्ड चुकवणाऱ्यांना रोखणारं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. दहा मिनिटांत पाच वेळा पासवर्ड चुकला की ते त्या पत्त्यावर दहा मिनिटांची बंदी घालतं. ही त्याची मूळ सेटिंग. आणि आमचं अख्खं ऑफिस बाहेर एकाच पब्लिक आयपीने (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्याने) जातं. चुकत होता एक, बंदी पडत होती सगळ्यांवर. दहा मिनिटांनी बंदी उठायची, पाच मिनिटं चालायचं, की पुन्हा पाच चुका पुऱ्या. रीस्टार्टमुळे काहीच सुधारत नव्हतं. रीस्टार्ट होईपर्यंत बंदीची मुदत संपत होती, एवढंच.

त्या सकाळी दोन खुणा आमच्या डोळ्यांसमोर होत्या. एक, निरोप रिफ्यूज्डचा होता, टाइम आउटचा नव्हता. दुसरी, एकीने सांगितलंही होतं, "माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जातंय." दोन्हींकडे आम्ही लक्ष दिलं नाही. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो आणि टीममध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला तोच शिकवतो: आधी कुठपर्यंत पोहोचलो ते बघायचं, मग हात लावायचा. तो क्रम इथे सविस्तर देतोय. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पायरी १: स्क्रीनवर काय आलं ते जसंच्या तसं वाचा

"लॉगिन होत नाहीये" हे वाक्य कामाचं नाही. फोनवर कोणी असं म्हटलं की मी पहिलं हेच सांगतो, समोर काय लिहून आलंय ते वाच, नाहीतर स्क्रीनशॉट पाठव. कारण तुमची हाक कुठपर्यंत पोहोचली, ते निरोपातच लिहिलेलं असतं.

"कनेक्शन टाइम्ड आउट" म्हणजे हाक मारली आणि उत्तरच आलं नाही. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने (नेटवर्कवरच्या पहारेकऱ्याने) तुमची पाकिटं (डेटाचे तुकडे) गुपचूप टाकून दिली, पत्ता चुकला किंवा मशीन बंद आहे. लिनक्सवर हा निरोप यायला नेहमीच्या सेटिंगला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून लोक कंटाळून मधेच तोडतात आणि निरोप वाचलाच जात नाही. एवढं थांबायचं नसेल तर एसएसएचला (लिनक्समध्ये दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रामला) "कनेक्टटाइमआउट" हा पर्याय द्या, दहा सेकंदांचा.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" ही त्यामानाने चांगली बातमी. कोणीतरी उत्तर दिलं, फक्त नकार दिला. बहुतेकदा मशीन जिवंत असतं, पण त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, एसएसएचची सेवा ऐकत नसते: बंद पडलेली असते किंवा दुसऱ्या पोर्टवर हलवलेली असते. फेलटूबॅनची बंदीसुद्धा मूळ सेटिंगला अशीच दिसते, कारण ते पाकीट टाकून न देता नकार पाठवतं. आम्हाला गोंधळात पाडलं ते यानेच.

"नो रूट टू होस्ट" वाचून लोक राउटर शोधत बसतात. पण पिंग (मशीन उत्तर देतंय का हे बघणारी साधी हाक) चालतंय आणि एसएसएचला मात्र हा निरोप येतोय, असं असेल तर संशय व्हीएमच्या स्वतःच्या फायरवॉलवर घ्या. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्स मशीनवर फायरवॉलडी ही आतली फायरवॉल ज्या पद्धतीने नकार देतं, तो आपल्या बाजूला असाच वाचला जातो.

जोडणी होते आणि ओळखपाळख व्हायच्या आतच "कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट" येतं, तेव्हा सेवा चालू असते पण ती तुम्हाला आत घेत नसते. एकाच वेळी फार जण दारात उभे असले तर असं होतं. लॉगिन पूर्ण न झालेल्या जोडण्या दहाच्या वर गेल्या की ओपनएसएसएच हे एसएसएचचं सॉफ्टवेअर त्यातल्या काही सोडून द्यायला लागतं. २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून तर वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला सर्व्हर स्वतःच काही काळ दूर ठेवतो. म्हणजे फेलटूबॅन नसलेल्या मशीनवरही एका सहकाऱ्याच्या चुकीने अख्खं ऑफिस अडकू शकतं.

"परमिशन डिनाइड" दिसलं की नेटवर्क, फायरवॉल, सेवा हे सगळं विसरा. तुम्ही दारापर्यंत पोहोचलात, किल्ली लागत नाहीये. सरळ पाचव्या पायरीवर जा.

निरोप मोघम वाटला तर "एसएसएच -व्हीव्हीव्ही" लावून पुन्हा प्रयत्न करा. पडद्यावर पुष्कळ ओळी धावतील, त्यांना घाबरू नका. क्रम ठरलेला असतो: आधी पत्त्याशी जोडणी, मग दोन्हीकडच्या आवृत्त्या, मग सांकेतिक किल्ल्यांची देवाणघेवाण, मग होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली), आणि शेवटी तुमची ओळख. धावपळ ज्या ओळीवर थांबली, अडचण त्या ओळीच्या लगेच पुढे आहे. शेवटच्या दहा ओळी कॉपी करून ठेवा.

पायरी २: पाच मिनिटांचे साधे प्रश्न

कोणाकोणाचं बंद आहे? एकट्याचं बंद असेल तर दोष त्याच्या लॅपटॉपात, खात्यात किंवा घरच्या नेटमध्ये. ऑफिसातल्या सगळ्यांचं बंद पण घरून काम करणाऱ्यांचं चालू, तर ऑफिसच्या पत्त्याचं काहीतरी. सगळीकडून बंद, तर मशीन. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून एकदा प्रयत्न करणं ही मला माहीत असलेली सर्वांत स्वस्त चाचणी आहे. मात्र परवानगीच्या यादीत फक्त ऑफिसचा पत्ता असेल तर हॉटस्पॉटवरून टाइम आउट येणारच. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

मशीन चालू आहे का आणि पत्ता तोच आहे का? ॲमेझॉनच्या क्लाउडवर व्हीएम थांबवून पुन्हा सुरू केली की, इलॅस्टिक आयपी (कायम राहणारा पत्ता) घेतलेला नसेल तर, पब्लिक पत्ता बदलतो. नुसत्या रीबूटने बदलत नाही. खर्च वाचवायला रात्री व्हीएम बंद ठेवणाऱ्या टीमना हे सकाळी हमखास भेटतं. पोर्टल उघडून आजचा पत्ता बघा आणि तुमच्या सेव्ह केलेल्या पत्त्याशी अंकन् अंक पडताळा. नावाने जोडत असाल तर "एनएसलुकअप" करून ते नाव कुठल्या पत्त्याकडे बोट दाखवतंय तेही पाहा.

काल काय बदललं? कोणी पॅच टाकला, फायरवॉलचा नियम हलवला, स्नॅपशॉट (मशीनची जतन केलेली आधीची स्थिती) परत लावला, पासवर्ड बदलला? "काहीच नाही" हे पहिलं उत्तर असतं. शांतपणे पुन्हा एकदा विचारा.

पायरी ३: वाट मोकळी आहे का

आता फक्त पोर्टवर टकटक करून बघायचं. लिनक्स किंवा मॅकवर "एनसी -व्हीझेड", पुढे पत्ता आणि २२. विंडोजवर पॉवरशेलमध्ये "टेस्ट-नेटकनेक्शन", पुढे पत्ता, "-पोर्ट" आणि २२ किंवा ३३८९. एसएसएचचं पोर्ट २२, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं ३३८९. पिंगवर विसंबू नका. कित्येक ठिकाणी पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. पिंग येत नाही म्हणून मशीन मेलं असं नाही, आणि पिंग येतंय म्हणून पोर्ट उघडं आहे असंही नाही.

टकटकीला उत्तर नाही आलं तर फायरवॉल थरथराने तपासा, कारण ती कधीच एक नसते. तुमच्या लॅपटॉपची, ऑफिसची, क्लाउडवर व्हीएमच्या अंगाला चिकटलेली, तिच्या सबनेटची (नेटवर्कच्या ज्या भागात ती आहे त्याची) आणि शेवटी व्हीएमच्या आतली. ॲमेझॉनमध्ये सिक्युरिटी ग्रुप (व्हीएमची फायरवॉल) आणि नेटवर्क एसीएल (सबनेटची फायरवॉल) या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिक्युरिटी ग्रुप जायची परवानगी दिली की परतीची आपोआप देतो. नेटवर्क एसीएल देत नाही. तिथे परतीच्या वाटेचाही नियम लिहावा लागतो. येणाऱ्या नियमात २२ लिहून जाणाऱ्या नियमाकडे बघायचंच राहिलं, ही चूक मी बऱ्याच हुशार लोकांकडून होताना पाहिली आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडमध्ये एनएसजी (नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप) नेटवर्क कार्डावरही असू शकतो आणि सबनेटवरही. दोन्हींनी हो म्हटलं तरच पाकीट आत जातं.

घरून काम करताना आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात ट्रान्सहार्बर लोकल रखडली की आमच्याकडे ठाणे, कळवा, ऐरोलीची मंडळी घरूनच बसतात. सिक्युरिटी ग्रुपमध्ये कोणीतरी "माझ्या घरचा आयपी" म्हणून पत्ता टाकलेला असतो. लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, की पुष्कळ ब्रॉडबँड जोडण्यांचा पत्ता बदलतो आणि नियम जुन्याच पत्त्याला ओळखत बसतो. राउटरच्या पानावर पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात दिसला तर समजा, की कंपनीने तुमच्यासारख्या बऱ्याच ग्राहकांना एका पब्लिक पत्त्यामागे बसवलंय. तो पत्ता यादीत टाकणं म्हणजे अनोळखी शेजाऱ्यांनाही परवानगी देणं. यावर उपाय ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा). कंटाळून "सगळ्या जगाला परवानगी" असा शून्य-शून्यचा नियम लावू नका, दहा मिनिटांसाठीही नको. उघडी पोर्टं हुडकणारे रोबोट दिवसरात्र फिरत असतात.

व्हीपीएनवर एक विचित्र प्रकार होतो, तो सांगूनच ठेवतो. टकटक यशस्वी होते, आवृत्त्यांची देवाणघेवाण होते आणि मग सगळं गोठतं. "-व्हीव्हीव्ही" लावलं की शेवटची ओळ "एक्स्पेक्टिंग", आणि त्यात "केईएक्स ... रिप्लाय" असे शब्द. अशा वेळी सर्व्हरला दोष देऊ नका. छोटी पाकिटं व्हीपीएनच्या बोगद्यातून जातात, मोठी अडकतात. पडताळायला पाकीट न तोडण्याचा हुकूम देऊन पिंग करा: विंडोजवर "पिंग -एफ -एल १४७२", लिनक्सवर "पिंग -एम डू -एस १४७२", त्यातला एम मोठा. १४७२ बाइट आणि मथळ्याचे २८ मिळून १५०० होतात. हे गेलं नाही तर १४००, १३५० असं उतरत जा. जो आकडा जातो त्यात २८ मिळवा आणि व्हीपीएनच्या कार्डाचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) तेवढा करा. ठाण्याहून काम करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याचे तीन दिवस यात गेले. शेवटी एमटीयू १४०० केला आणि त्याच क्षणी प्रॉम्प्ट आला.

पायरी ४: कन्सोलवरून आत जा

आपली व्हीएम कदाचित ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्याच एखाद्या डेटा सेंटरमध्ये असेल, ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर. तरी तिथे जाऊन कीबोर्ड जोडता येत नाही. आपला कीबोर्ड म्हणजे कन्सोल. व्हीएमवेअर, प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही या सगळ्यांत व्हीएमचा पडदा उघडता येतो. क्लाउडवर सिरियल कन्सोल असतो. शिवाय ॲमेझॉनमध्ये "सेशन मॅनेजर" आणि अझ्युअरमध्ये "रन कमांड" आहे. व्हीएममधला एजंट चालू असेल तर पोर्ट २२ बंद असतानाही त्यांच्यातून आज्ञा देता येतात.

इथे एक मेख आहे. सिरियल कन्सोलवर लॉगिन करायला पासवर्ड लागतो, आणि क्लाउडवरच्या लिनक्समध्ये फक्त की फाइलने (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीने) शिरायची सवय असल्यामुळे कुठल्याच खात्याला पासवर्ड दिलेला नसतो. संकटात हे कळून उपयोग नाही. आजच एका ॲडमिन खात्याला लांबलचक पासवर्ड द्या, तो टीमच्या पासवर्ड तिजोरीत ठेवा आणि एसएसएचवर पासवर्डने लॉगिन बंदच राहू द्या.

कन्सोल उघडल्यावर पडदा आधी नुसता वाचा. "इमर्जन्सी मोड" दिसला तर मशीन पूर्ण उठलेलंच नाही. पोर्टल मात्र "रनिंग" दाखवत असतं. हमखास सापडणारं कारण म्हणजे एफएसटॅब फाइलमधली (उठताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली) चुकीची ओळ: डिस्क काढून टाकली, ओळ तशीच राहिली. ती ओळ दुरुस्त करा, आणि यापुढे जास्तीच्या डिस्कच्या ओळीत "नोफेल" लिहीत जा, म्हणजे ती डिस्क नसली तरी मशीन उठेल.

आत गेल्यावर मी या क्रमाने बघतो. "डीएफ -एच" आणि "डीएफ -आय": डिस्क भरली आहे का, किंवा जागा असूनही आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का. भरलेल्या डिस्कवर लॉगिन अर्ध्यात लटकतं. मग "सिस्टमसीटीएल स्टेटस". सेवेचं नाव उबंटू-डेबियनवर एसएसएच, रेड हॅट घराण्यात एसएसएचडी. मग "एसएस -टीएलएनपी", म्हणजे कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते दिसतं. सेवा उठत नसेल तर "एसएसएचडी -टी", छोटा टी: कॉन्फिगमधली चुकीची ओळ क्रमांकासकट सांगते. मोठा टी दिला तर प्रत्यक्षात लागू असलेल्या सगळ्या सेटिंग दिसतात, आणि हीच माझी सर्वांत आवडती आज्ञा आहे. कारण एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये एकच सेटिंग दोनदा आली तर पहिली धरली जाते, नंतरची नाही. मुख्य फाइलच्या वरच्या भागातच बाजूच्या फोल्डरमधल्या छोट्या फाइली ओढून घेतलेल्या असतात. क्लाउड-इनिटची (व्हीएम पहिल्यांदा उठताना तिची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल तिथे पासवर्ड लॉगिन बंद करून बसलेली असते आणि आपण मुख्य फाइलमध्ये खाली "येस" लिहून, का चालत नाही म्हणून डोकं धरतो.

पोर्ट बदललं पण सेवा जुन्याच पोर्टवर ऐकतेय? नव्या उबंटूत, २२.१० पासून, पोर्टवर ऐकायचं काम सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सॉकेटकडे गेलंय. २४.०४ मध्ये कॉन्फिग बदलल्यावर "डीमन-रीलोड" करून एसएसएच डॉट सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. रेड हॅट घराण्यात नवं पोर्ट एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेलाही "सेमॅनेज पोर्ट"ने कळवावं लागतं, नाहीतर सेवा उठतच नाही.

बंदीचा संशय असेल तर "फेलटूबॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी" चालवा, बंदीतले पत्ते दिसतील. आपला पत्ता त्यात असेल तर "अनबॅनआयपी"ने सोडवा. पण चुकीचा पासवर्ड कोण पाठवतंय ते शोधल्याशिवाय उठू नका, नाहीतर पाच मिनिटांनी पुन्हा तिथेच याल.

मशीन अजिबातच उठत नसेल, तर तिची मूळ डिस्क काढून दुसऱ्या चालू व्हीएमला जोडा, फाइल दुरुस्त करा, परत लावा. त्याआधी डिस्कचा स्नॅपशॉट घ्या.

पायरी ५: दार सापडलं, किल्ली लागत नाही

परमिशन डिनाइडमध्ये पहिला संशय वापरकर्त्याच्या नावावर. क्लाउडवरच्या प्रत्येक इमेजचं नाव वेगळं: ॲमेझॉन लिनक्सला "ईसी२-यूजर", उबंटूला "उबंटू", ॲमेझॉनवरच्या डेबियनला "ॲडमिन", अझ्युअर पोर्टल आपणहून सुचवतं ते "अझ्युअरयूजर". बरोबर किल्ली घेऊन चुकीच्या नावाने गेलात तरी निरोप तोच येतो.

दुसरा संशय परवानग्यांवर. आपल्या लॅपटॉपवरची प्रायव्हेट की इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. "सीएचमॉड ६००" करा. सर्व्हरवर एसएसएचचं फोल्डर ७०० आणि ऑथराइज्ड कीजची फाइल ६००. आणि लोक विसरतात ते असं: होम फोल्डरवर ग्रुपला किंवा इतरांना लिहायची मुभा असली तरी सर्व्हर तुमची किल्ली मानत नाही. कोणीतरी वैतागून होमवर ७७७ लावतं आणि चालणारं लॉगिन बंद पडतं. होम फोल्डर बॅकअपमधून परत आणलं असेल तर रेड हॅट घराण्यात "रीस्टोरकॉन -आर" चालवा, आर मोठा. एसईलिनक्सचे शिक्के जागेवर येतात.

"टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स" आलं तर तुमच्या लॅपटॉपवरच्या एसएसएच एजंटमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) फार किल्ल्या साठल्यात. सर्व्हर मूळ सेटिंगला सहाच प्रयत्न देतो. बरोबर किल्लीची पाळी सातवी असेल तर ती पुढे येण्याआधीच दार बंद होतं. "आयडेंटिटीजओन्ली येस" लावा आणि हवी ती की फाइल "-आय"ने द्या.

नवं मशीन आणि जुनी किल्ली यांचंही भांडण असतं. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ ही जुनी पद्धत वापरणाऱ्या आरएसए सह्या आपोआप बंद आहेत. जुनं क्लायंट सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरशी बोलू लागलं की किल्ली बरोबर असूनही नकार येतो. क्लायंट अपडेट करा, शक्य असेल तर ईडी२५५१९ प्रकारची नवी किल्ली बनवा. सर्व्हरवर जुनी पद्धत कायमची उघडू नका.

खातं स्वतःच अडकलेलं असू शकतं. "चेज -एल" पासवर्डची मुदत सांगतं, "फेललॉक --यूजर" चुकांमुळे लागलेलं कुलूप दाखवतं. मूळ सेटिंगला तीन चुकांनी दहा मिनिटांचं कुलूप लागतं. कॉन्फिगमध्ये "अलाउयूजर्स"ची यादी असेल आणि नव्या मुलाचं नाव त्यात टाकायचं राहिलं असेल, तर त्याने कितीही प्रयत्न केले तरी व्यर्थ. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. "जर्नलसीटीएल -एफ" लावून लॉग उघडा आणि फोनवर त्याला म्हणा, "आता कर लॉगिन." ओळ तुमच्या समोर पडेल.

होस्ट की बदलल्याचा मोठ्या अक्षरांतला इशारा आला तर जुनी नोंद "एसएसएच-कीजेन -आर"ने काढता येते, हाही आर मोठाच. पण आधी विचारा: व्हीएम नव्याने बांधली होती का? पत्ता दुसऱ्या मशीनकडे गेला का? कन्सोलवर जाऊन होस्ट कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी खूण) पडताळा, मगच "येस" म्हणा. इशारा पुसायची सवय लागली तर खरोखर कोणी मधे बसलं असेल त्या दिवशीही तुम्ही तो पुसाल.

विंडोज व्हीएम असेल तर

रिमोट डेस्कटॉपचा निरोप मोघम असतो: रिमोट ॲक्सेस चालू नाही, मशीन बंद आहे किंवा नेटवर्कवर नाही, तिन्ही एकाच चौकटीत. म्हणून तिसऱ्या पायरीतली "टेस्ट-नेटकनेक्शन" इथे जास्तच गरजेची. पोर्ट उघडं असेल तर पुढचं बघा.

डोमेनचं (कंपनीच्या सामायिक खात्यांच्या व्यवस्थेचं) नसलेलं खातं असेल तर नावाआधी टिंब आणि उलटा तिरका दांडा लावा, नाहीतर विंडोज ते भलत्याच ठिकाणी शोधतं. खातं ॲडमिन नसेल तर ते "रिमोट डेस्कटॉप यूजर्स" ग्रुपमध्ये हवं. पासवर्डची मुदत संपली असेल आणि एनएलए (पडदा दिसण्याआधीच ओळख पटवायची सोय) चालू असेल, तर रिमोटच्या चौकटीत नवा पासवर्ड टाकायची संधीच मिळत नाही; तो कन्सोलवरून किंवा ॲडमिनकडून बदलून घ्यावा लागतो.

"क्रेडएसएसपी एन्क्रिप्शन ऑरॅकल" असा उल्लेख आला तर दोघांपैकी एका मशीनवर २०१८ मध्ये आलेले अपडेट नाहीत. इंटरनेटवर धोरण "व्हल्नरेबल" करायचा सल्ला पुष्कळ मिळतो. अपडेट करण्यापुरतं आत शिरायला तो वापरलात तर ठीक, पण नंतर लगेच परत फिरवा.

सर्व्हरवर परवान्याशिवाय दोनच जण एका वेळी बसू शकतात. विंडो बंद केली म्हणजे लॉगआउट झालं असं नाही. सेशन आत तसंच राहतं. "क्वेरी सेशन"ने कोण बसलंय ते बघा, त्या माणसाला फोन करून विचारा आणि मग "लॉगऑफ" करा. जास्त जणांसाठी आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) बसवलं असेल आणि परवाने टाकायचे राहिले असतील, तर १२० दिवसांची सवलत संपल्यावर एका सकाळी अचानक सगळे बाहेर. तेव्हा "एमएसटीएससी /ॲडमिन"ने आत जाता येतं.

व्हीएमच्या जगातच जास्त भेटणारा दोष म्हणजे "ट्रस्ट रिलेशनशिप" तुटल्याचा निरोप. मशीनचं डोमेनशी असलेलं स्वतःचं गुपित साधारण दर ३० दिवसांनी बदलतं. तुम्ही दोन महिन्यांपूर्वीचा स्नॅपशॉट परत लावलात की मशीन जुनं गुपित सांगतं आणि डोमेन तिला ओळखत नाही. लोकल ॲडमिनने आत जा, पॉवरशेलमध्ये "टेस्ट-कम्प्युटरसिक्युअरचॅनल -रिपेअर" चालवा आणि डोमेनच्या ॲडमिनची ओळख द्या. त्याच वेळी घड्याळही बघा. स्नॅपशॉटवरून उठलेली किंवा पॉज करून ठेवलेली व्हीएम मागे राहते, आणि पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरोस (डोमेनमध्ये ओळख पटवणारी यंत्रणा) नकार देतं.

लॅपटॉपवरच्या सरावाच्या व्हीएम

ठाण्या-ऐरोलीच्या कॉलेजांतली मुलं हा प्रश्न फार विचारतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये (व्हीएम लॅपटॉपच्या पत्त्यामागे लपते त्या मांडणीत) व्हीएमला १०.०.२.१५ असा पत्ता मिळतो आणि तो तुमच्या लॅपटॉपवरून थेट गाठता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये लॅपटॉपचं २२२२ व्हीएमच्या २२ ला जोडा आणि लोकलहोस्टच्या २२२२ वर लॉगिन करा, किंवा दुसरं कार्ड होस्ट-ओन्ली लावा. क्लोन केलेल्या दोन उबंटू व्हीएमना डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) एकच पत्ता मिळत असेल तर दोघींचा मशीन-आयडी एकच राहिलाय. क्लोनमध्ये तो नवा करा, होस्ट कीसुद्धा नव्या बनवा.

दुरुस्ती करताना स्वतःला बाहेर कोंडू नका

एसएसएचचं कॉन्फिग किंवा फायरवॉल बदलताना चालू सेशन उघडंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघा. यूएफडब्ल्यू (उबंटूची फायरवॉल) चालू करण्याआधी एसएसएचची परवानगी लिहा. उबंटूवर पत्ता बदलताना "नेटप्लॅन अप्लाय"ऐवजी "नेटप्लॅन ट्राय" वापरा; १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर ते जुनी मांडणी परत लावतं. फायरवॉलसाठी अशी सोय स्वतः करा: "ॲट"ने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या आज्ञेने) पाच मिनिटांनंतर ती बंद करायची आज्ञा आधीच लावून ठेवा, सगळं ठीक झालं की ती रद्द करा.

सुरुवातीला सांगितलेल्या व्हीएमवर आम्ही सगळ्यांच्या पब्लिक की टाकल्या, पासवर्डने लॉगिन बंद केलं, फेलटूबॅनच्या दुर्लक्ष करायच्या यादीत ऑफिसचा पत्ता लिहिला आणि त्या सॉफ्टवेअरमधला साठवलेला पासवर्ड पुसला. हे करताना माझ्या डाव्या खिडकीत जुनं सेशन उघडं होतं. उजव्या खिडकीतून की फाइलने आत शिरलो, शेजारच्या दोघांना त्यांच्या लॅपटॉपवरून शिरायला लावलं, आणि मगच डावी खिडकी बंद केली.